वाढलं की वाढवलं?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याकडचा रस्ता येऊन मिळतो. पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून निघालेला ट्रक मुंबईला जायचा तर याच वाटेने जातो. बहुतेक वेळा तो वरच्या उड्डाणपुलावरून निघून जातो आणि खाली शेअर रिक्षावाले 'नाशिकरोड, नाशिकरोड' अशा हाका मारत उभे असतात. समजा, त्या ट्रकमधल्या कांद्याचा भाव आठवड्याभरात क्विंटलमागे पाचशे रुपयांनी चढला. निफाड तालुक्यातला शेतकरी म्हणेल, 'भाव जरा सुधारलेत.' व्यापारी फोनवर सांगेल, 'तेजी आहे.' वर्तमानपत्र छापेल, 'कांदा वधारला.' आणि काठे गल्लीत पिशवी घेऊन उभी असलेली बाई म्हणेल, 'कांदा भडकलाय.' घटना एक, आकडाही एकच. ही चार वाक्यं इंग्रजीच्या तासाला भाषांतराला घातली तर पोरं चारही ठिकाणी डोळे मिटून 'इन्क्रीज' लिहितील, आणि मास्तर पूर्ण गुण देतील.

मास्तरांची चूक नाही. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. तेव्हापासून आपण इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधतो आहोत, आणि 'इन्क्रीज'पुढे 'वाढ' हा शब्द सहज बसतो. पंचाईत उलट दिशेने जाताना होते. मराठीत नुसतं 'वाढलं' म्हणून भागत नाही. काय वाढलं, कोणाच्या दृष्टीने वाढलं आणि ते आवडलं का, हे क्रियापदातच सांगावं लागतं.

आजार वाढतो तेव्हा तो 'बळावतो'. भ्रष्टाचार 'बोकाळतो', तण 'फोफावतं', गवत 'माजतं', वाद 'चिघळतो'. आत्मविश्वास 'दुणावतो', आनंद 'द्विगुणित' होतो, स्नेह 'वृद्धिंगत' होतो. यांची अदलाबदल करून पाहा. 'स्नेह बोकाळला' म्हटलं की ऐकणारा कान टवकारेल, कारण भलताच अर्थ निघतो. 'भ्रष्टाचार वृद्धिंगत झाला' हे फक्त उपहासानेच म्हणता येतं. 'प्रामाणिकपणा फोफावला' असं मराठीत अजून कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, आणि ते केवळ व्याकरणामुळे नसावं. गर्दी मात्र सगळी क्रियापदं वापरते: ती वाढते, लोटते, उसळते, दाटते. द्वारका चौकात संध्याकाळी ती यांपैकी काय करते हे तुम्ही रिक्षात बसलाय की पायी रस्ता ओलांडताय यावर ठरतं.

आता परत कांद्याकडे, कारण वाढीची भाषा शिकायला लासलगावच्या बाजारासारखी शाळा नाही. तिथली कृषी उत्पन्न बाजार समिती १९४७ पासूनची. ट्रॅक्टर-ट्रॉल्या रांगेत लागतात, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबतो, पुकार होते आणि भाव ठरतो. दिवसाअखेर तीन आकडे जाहीर होतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. शहरात पोहोचणारी बातमी बहुधा कमाल भावाची असते. 'कांदा तीन हजारांवर' या मथळ्याचा अर्थ एवढाच, की एखाददुसऱ्या ट्रॉलीतल्या निवडक मालाला तीन हजार मिळाले. बाकीच्यांचा माल सर्वसाधारण भावानेच गेला असेल, आणि तो भाव मथळ्यात बसत नाही.

'सुधारले' हा शेतकऱ्याचा शब्द नीट ऐकण्यासारखा आहे. सुधारतो तो आजारी माणूस. भाव सुधारले म्हणताना त्याने आधीचा भाव हा आजार होता असं गृहीत धरलेलं असतं. 'भडकला' म्हणणाऱ्या बाईने आधीचा भाव म्हणजे स्वस्थ स्थिती मानलेली असते. दोघंही खरं बोलतात. भांडण आकड्याचं नाही, मोजायला सुरुवात कुठून करायची याचं आहे, आणि तो आरंभबिंदू ज्याने त्याने आपापल्या क्रियापदात दडवून ठेवलेला असतो.

वाढलेला भाव हातात वाढलेला पैसा देतोच असंही नाही. उन्हाळ कांदा मार्चपासून निघतो आणि चाळीत साठवला जातो. चाळीत तो सुकतो, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. या सगळ्याला एकच शब्द आहे, 'घट'. मानूया, एकाने मे महिन्यात शंभर क्विंटल कांदा दीड हजाराने विकला, तर दीड लाख रुपये आले. शेजाऱ्याने तेवढाच कांदा सप्टेंबरपर्यंत ठेवला, भाव दोन हजार झाला, पण चाळीत सत्तरच क्विंटल उरला. त्याच्या हाती एक लाख चाळीस हजार. भाव तेहतीस टक्क्यांनी वाढला आणि शेजारी दहा हजारांनी मागे पडला, चाळीचा खर्च वेगळाच. 'साठवून ठेवलं तर भाव मिळाला असता की' असं शहरात बसून सांगणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर करून पाहावं.

उलट्या दिशेचे शब्दही इथे तितकेच नेमके आहेत. भाव उतरतात, घसरतात, गडगडतात, कोसळतात. हे चढत्या क्रमाने वाईट. पण निफाड-येवला-चांदवडच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारा फरक एका काना-मात्रेचा आहे: भाव 'पडले' आणि भाव 'पाडले'. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, आणि नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली, ती ४ मे २०२४ रोजी अटी घालून उठवली गेली. या काळात दिल्लीत 'भाव स्थिर ठेवण्यासाठी उपाययोजना' असं बोललं जात होतं आणि लासलगावात 'भाव पाडले' असं. 'पडले' म्हटलं असतं तर पावसासारखी ती एक नैसर्गिक गोष्ट झाली असती. 'पाडले' म्हटलं की कोणी पाडले हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

मराठीचं हे मोठं बळ आहे आणि 'वाढणे'लाही ते लागू आहे. भाडं 'वाढलं' आणि भाडं 'वाढवलं' यांत एका 'व'चा फरक. इंग्रजी 'इन्क्रीज' दोन्ही कामं एकटाच करतो. किमती इन्क्रीज होतात आणि दुकानदार किमती इन्क्रीज करतो. शब्दाच्या रूपात काही बदल नाही. नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तर शेवटच्या, एवढाच काय तो भेद, आणि तोही उच्चारापुरता. इंग्रजीत वेगळी जोडी नाही असं नाही: 'राइज' म्हणजे आपसूक चढणं, 'रेझ' म्हणजे कोणीतरी चढवणं. तिथले सावध लेखक ती वापरतात. पण कार्यालयीन इंग्रजीला 'इन्क्रीज' सोयीचा पडतो, कारण त्यात कर्ता लपवता येतो.

आपल्या कार्यालयांनी तीच सोय मराठीत आणली आहे. 'शुल्कात वाढ करण्यात आली आहे.' कोणी केली? वाक्यात कोणीच नाही. यातही एक पायरी पुढे म्हणजे 'सुधारित दर'. शेतकरी भाव वाढल्यावर 'सुधारले' म्हणतो तेव्हा तो आपल्या बाजूने बोलत असतो आणि ते लपवत नाही. कार्यालय घरपट्टी, पाणीपट्टी किंवा परवान्याचं शुल्क वाढवतं आणि 'सुधारित दरपत्रक' लावतं तेव्हा सुधारणा नेमकी कोणाची झाली हे पैसे भरणाऱ्याला कळतं. सुधारित दर कमी झाल्याचं उदाहरण शोधायला फार हिंडावं लागेल. २०१८ मध्ये नाशिकमध्ये करवाढीवरून मोठा वाद झाला, तेव्हा लोकांच्या तोंडी सरळ 'करवाढ' होती. लोक सहसा खरा शब्दच वापरतात. राज्य परिवहन महामंडळाने जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं तिकीट १४.९५ टक्क्यांनी महाग केलं, त्यालाही प्रवाशांनी भाडेवाढच म्हटलं. पंधरा टक्क्यांना पाच शतांश कमी हा आकडा काढणाऱ्याचं मात्र कौतुक करायला हवं. दुकानातल्या ९९ रुपयांच्या पाटीची आठवण होते.

बोलीत हा 'वाढलं-वाढवलं'चा खेळ रोज चालतो. 'काय मावशी, परवा तर मेथी वीसला होती!' 'वाढली बाबा.' 'कोणी वाढवली?' 'मी नाही हो, मार्केटनंच वाढवली.' बाजार हा मावशींच्या लेखी एक कर्ता आहे, आणि अर्थशास्त्राची पुस्तकंही शेवटी याहून फार वेगळं सांगत नाहीत.

द्वारकेहून गोदाकाठ लांब नाही, आणि पावसाळ्यात तिथे वाढ मोजायची आणखी एक पद्धत दिसते. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुतीची मोठी मूर्ती आहे. पूर किती आला हे नाशिककर तिच्या अंगावर मोजतात. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत गेलं. गळ्यापर्यंत गेलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर हलवतात. १९६९ आणि २००८ या दोन्ही वर्षी सप्टेंबरात आलेले पूर गावात अजून सांगितले जातात. त्या सांगण्यात घनफूट नसतात, मारुती असतो. गंगापूर धरणातून पाणी सोडताना पाटबंधारे खातं सांगतं, 'विसर्ग इतक्या क्युसेकने वाढवण्यात आला.' एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. हा आकडा अचूक आहे आणि धरणावरच्या माणसाला तोच लागतो. पण काठावर राहणाऱ्याला 'पाच हजार क्युसेकने वाढवला' यातून आपल्या ओट्याला पाणी लागेल का हे कळत नाही. मारुती ते सांगतो. इथेही पाहा, धरणाचा विसर्ग 'वाढवतात', नदी मात्र 'चढते' किंवा 'फुगते', आणि पाणी कमी होतं तेव्हा ते 'ओसरतं'. ओसरतं ते पाणी, गर्दी आणि ताप. पगार कधी ओसरत नाही, तो कापला जातो.

मारुतीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून पुढे जातो. द्वारकेजवळच्या टाकळीला समर्थ रामदासांनी बारा वर्षं तप केलं अशी परंपरा आहे, आणि तिथे त्यांनी स्थापलेला गोमय मारुती आजही आहे. त्यांचं मारुतिस्तोत्र महाराष्ट्रातल्या निम्म्या मुलांना पाठ असतं. त्यात मारुतीच्या विराट होण्याचं वर्णन करताना 'वाढणे' हेच साधं क्रियापद एका श्वासात तीनदा येतं. समर्थांना संस्कृत शब्दांची वानवा नव्हती. तरी तिथे ना 'वृद्धी' आहे ना 'विस्तार', आणि म्हणूनच ते चरण पोरांच्या जिभेवर बसतात.

'वृद्धी' हा शब्द मराठीत आला तो भारदस्त कपडे घालून, पण त्याचे उद्योग बरेच आहेत. पाणिनीची अष्टाध्यायी याच शब्दाने सुरू होते. आरंभी मंगल शब्द हवा म्हणून तो तिथे ठेवला, असं पतंजली सांगतो. व्याकरणात वृद्धी म्हणजे स्वराचं एका विशिष्ट तऱ्हेने जड होणं. लोकचं लौकिक, नीतीचं नैतिक, इतिहासचं ऐतिहासिक, समाजचं सामाजिक, हे सगळं वृद्धीचं काम. 'इतिहासिक' असं लिहिणारा विद्यार्थी वृद्धी करायला विसरलेला असतो. घरात मूल जन्मलं की जे सोयर पाळतात त्यालाही जुनी माणसं 'वृद्धी' म्हणतात. आणि धर्मशास्त्रांत वृद्धी म्हणजे व्याज. तिथूनच आपल्याकडे चक्रवृद्धी आली आणि सावकाराच्या वहीत ती 'चक्रवाढ' झाली.

व्याजाच्या वाढीला जुन्या लोकांनी कुंपणही घातलं होतं. त्याचं नाव दामदुप्पट. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाहून जास्त होता कामा नये, म्हणजे शंभराचे फार तर दोनशे. हिंदू कायद्यातला हा नियम मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही मानला. ऋणकोला सावकारापासून वाचवणारा हा शब्द आज कुठे भेटतो? 'दामदुप्पट योजना' अशा पाटीवर. ज्या शब्दाने लोभाला मर्यादा घातली तोच आता लोभाला आमिष म्हणून वापरला जातो, आणि दर काही वर्षांनी कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यात अशी एखादी योजना गाशा गुंडाळते. अशी पाटी दिसली तर ७२ या आकड्याला व्याजदराने भागा. जवळपास तितक्या वर्षांत चक्रवाढीने रक्कम दुप्पट होते. ८ टक्क्यांना नऊ वर्षं लागतात. कोणी तीन वर्षांत दुप्पट करून देतो म्हणाला तर तो वर्षाला २४ ते २६ टक्के कबूल करतो आहे, आणि इतकं प्रामाणिकपणे कमावून देणारा धंदा तुमच्या दारात गिऱ्हाईक शोधत येत नाही.

वाढ नेहमी हवीच असते असंही नाही. नाशिकच्या द्राक्षबागेत ती अनेकदा शत्रू असते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, त्यानंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार व्हावे लागतात. त्या दिवसांत वेल नुसत्या पानांनी आणि शेंड्यांनी वाढत सुटली तर घड नीट धरत नाही. मग बागायतदार शेंडा मारतो, पाणी आवरतो, नत्र तोडतो. तो म्हणतो, 'वाढ थांबवायची आहे.' ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर घड दिसले की भाषा बदलते. आता त्याला हवी असते 'फुगवण'. मणी फुगायला हवेत, घडात मोकळीक हवी. त्यासाठी विरळणी करतात, जिब्रेलिक आम्लाची, म्हणजे 'जीए'ची द्रावणं करून त्यांत घड बुडवतात. वाढ वेलीची आणि फुगवण मण्याची, यांत बागायतदाराची कधी गल्लत होत नाही, कारण झाली तर हंगाम जातो.

वाढ थांबवण्याचीही किंमत द्यावी लागते. शेंड्याची वाढ रोखण्यासाठी क्लोरमेक्वाट क्लोराईड नावाचं संजीवक अनेक बागांत वापरलं जात होतं. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत त्याचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि निर्यातीचा हंगाम हातचा गेला. त्यानंतर नाशिकचा निर्यातदार बागायतदार प्रयोगशाळेचा उर्वरित अंशांचा अहवाल हातात आल्याशिवाय गाडी भरत नाही.

स्वयंपाकघरात 'वाढणे' भलतंच काही करतं. तिथे वाढायचं म्हणजे पानात घालायचं. पंगतीत वाढपी असतो, ताट वाढून तयार असतं, मुंजीत भिक्षा वाढतात. आई मुलाला 'वाढवते' आणि मुलाला 'वाढते', एकात वर्षं जातात आणि दुसऱ्यात पाच मिनिटं. पुढ्यात येणारं सगळं आपण निवडलेलं नसतं हेही याच शब्दात आहे: 'पुढे काय वाढून ठेवलंय कोणास ठाऊक.' इंग्रजीच्या कुठल्याही समानार्थी यादीत ही जागा सापडणार नाही.

आणि मग अशुभ टाळण्याची ती जुनी रीत. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, 'वाढवली' म्हणतात. मंगळसूत्र तुटलं तरी ते 'वाढलं'. हिंदीतही दिवा विझवताना आणि दुकान बंद करताना 'बढ़ाना' वापरतात. 'जाते' न म्हणता 'येते' म्हणून उंबरा ओलांडणारी भाषा आपली, तिने मोडण्याला वाढणं म्हणावं यात नवल नाही. मराठी नव्याने शिकणाऱ्याला मात्र इथे घाम फुटतो. नारळ वाढवला म्हणजे तो मोठा झाला का, या त्याच्या प्रश्नाला हसू नये; प्रश्न तर्काला धरूनच आहे.

तरुणांनी त्यात आणखी भर घातली आहे. 'वाढीव' हा शब्द काल-परवापर्यंत वाढीव मुदत, वाढीव बिल असा सरकारी अंगाचा होता. आता झोकदार शर्ट घातलेल्या मित्राला 'वाढीव दिसतोस' म्हणतात. त्यात कौतुक किती आणि चिमटा किती हे म्हणणाऱ्याच्या भुवईवर अवलंबून. शब्दकोशांनी हा अर्थ लवकर नोंदवावा, नाहीतर शंभर वर्षांनी कोणी संशोधक 'वाढीव मित्र' म्हणजे मुदतवाढ मिळालेला मित्र असा अर्थ लावेल.

द्वारकेहून पुणे रस्त्याने नाशिकरोडला गेलं की करन्सी नोट प्रेस लागतं. १९२८ पासून तिथे नोटा छापल्या जातात; त्याआधी भारताच्या नोटा इंग्लंडहून छापून येत. या छापखान्यामुळे असेल, पण नाशिकमध्ये 'चलनवाढ' हा शब्द लोक फार शब्दशः घेतात: इकडे जास्त नोटा छापल्या की तिकडे महागाई. छापखान्यातून निघणाऱ्या बऱ्याचशा नोटा जुन्या, फाटक्या नोटांच्या जागी जातात, आणि किती नोटा बाजारात सोडायच्या हे छापखाना ठरवत नाही. छपाई वाढली म्हणून महागाई वाढली असं सरसकट म्हणता येत नाही. इंग्रजी 'इन्फ्लेशन'चा मूळ अर्थ हवा भरून फुगवणं. आपल्याकडे त्याला 'चलनवाढ', 'चलनफुगवटा', 'भाववाढ' आणि 'महागाई' असे चार शब्द मिळाले. पहिले दोन कारण सांगतात, तेही एकच. पुढचे दोन परिणाम सांगतात. घरखर्चाबद्दल बोलायचं असेल तर मी 'महागाई' घेईन.

पण त्या शब्दातही एक सापळा आहे. 'महागाई घटली' अशी बातमी येते आणि बाजारात काहीच स्वस्त झालेलं नसतं. लोक चिडतात, सरकार खोटं बोलतंय म्हणतात. सहसा सरकार खोटं बोलत नसतं, वाक्य बोलत असतं. समजा, शंभर रुपयांची पिशवी पहिल्या वर्षी ५ टक्क्यांनी महागली, झाले १०५. दुसऱ्या वर्षी महागाईचा दर ३ टक्क्यांवर आला. पिशवी आता १०८ रुपये १५ पैशांची. दर कमी झाला, भाव चढतच राहिले. घटली ती वाढीची गती. रिझर्व्ह बँकेला २०१६ पासून जे उद्दिष्ट दिलं आहे तेही भाव न वाढण्याचं नाही, वर्षाला ४ टक्क्यांच्या आसपास वाढण्याचं आहे. दोन टक्के इकडे किंवा तिकडे चालतं. 'दर' हा शब्द मराठीत भावालाही आणि गतीलाही वापरतात, त्याने गोंधळात भरच पडते. बातमीत 'दर घटला' असेल तर कशाचा, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

टक्क्यांची दुसरी गंमत सरकारी कर्मचाऱ्यांच्या घरोघरी माहीत आहे, फक्त तिच्याकडे कोणी पाहत नाही. केंद्र सरकारचा महागाई भत्ता १ जानेवारी २०२४ पासून मूळ वेतनाच्या ४६ टक्क्यांवरून ५० टक्के झाला. मथळे आले, 'महागाई भत्त्यात ४ टक्के वाढ'. भत्ता वाढला ४६चा ५०, म्हणजे भत्त्यातली वाढ ८.७ टक्के. चार वाढले ते टक्क्यांचे अंक, मूळ वेतनाच्या हिशेबाने. ज्याचं मूळ वेतन ५० हजार त्याच्या हाती २,००० रुपये जास्त आले. मूळ आणि भत्ता मिळून पाहिलं तर ७३ हजारांचे ७५ हजार झाले, म्हणजे वाढ पावणेतीन टक्क्यांच्या आत. एकाच निर्णयाचे हे तीन आकडे, तीनही बरोबर. संघटना कोणता सांगेल आणि खातं कोणता, याचा अंदाज वाचकाने बांधावा.

'पट' तर याहून घसरडा. 'उत्पन्न दुप्पट झालं' म्हणजे शंभराचे दोनशे, याबद्दल वाद नाही. 'दुपटीने वाढलं' म्हणजे काय? काटेकोर अर्थ घेतला तर शंभरात दोनशेची भर, म्हणजे तीनशे. पण मराठी वर्तमानपत्रांत तो सर्रास दोनशेसाठी वापरतात. स्वामिनाथन आयोगाने हमीभावाबद्दल केलेली शिफारस 'खर्च अधिक ५० टक्के' अशी होती आणि ती आपल्याकडे 'दीडपट हमीभाव' म्हणून रूढ झाली. इथे हिशेब जुळतो, कारण सव्वापट, दीडपट, अडीचपट ही आपली मापं सबंध रकमेची आहेत, भर घातलेल्या रकमेची नाहीत. ती वापरताना 'वाढ' शब्द मध्ये आणला नाही तर घोटाळा होत नाही. 'दीडपट झाला' लिहा. 'दीडपटीने वाढला' लिहू नका.

शहराचंच उदाहरण घ्या. २००१च्या जनगणनेत नाशिक महापालिका हद्दीची लोकसंख्या १० लाख ७७ हजार होती, २०११ मध्ये ती १४ लाख ८६ हजार झाली. दहा वर्षांत ३८ टक्के. हा आकडा हद्द तीच ठेवून मोजलेला आहे म्हणून त्याला अर्थ आहे. १९८२च्या मागे गेलात तर तुलना फसते, कारण त्या वर्षी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर एकत्र होऊन महापालिका झाली. माणसं वाढण्याआधी नकाशा वाढला होता. हद्दवाढ आणि लोकसंख्यावाढ यांची बेरीज करून 'शहर किती पटीने वाढलं' असं सांगणारी भाषणं नाशिकमध्ये अधूनमधून होतात, टाळ्याही मिळवतात.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी 'वाढ' असा मथळा दिसला की तीन गोष्टी शोधा: आधी किती होतं, आता किती आहे आणि वाढवलं कोणी. तीनपैकी पहिली गोष्ट बातमीत नसेल तर संपादकांना पत्र लिहा. पत्रात 'आपल्या वृत्तपत्राचा लौकिक वृद्धिंगत होवो' असं जरूर लिहा, पण आधीचा आकडा मागायला विसरू नका.